तीनच फुंका

मुलांच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसऱ्या खोलीत, एक बाई गेली चौदा वर्षं मुलांना फुंकायला लावायचं काम करत होती. या कामाचं छापील नाव इतकं लांब होतं की ते दारावरच्या पाटीवर मावेना, म्हणून पाटीच लावली गेली नाही. सगळे तिला फुंकबाई म्हणत. पहिल्या वर्षी तिला राग आला. दुसऱ्या वर्षी तिनं कार्यालयाकडे लेखी तक्रार केली. तिसऱ्या वर्षी त्या तक्रारीचं उत्तर आलं, आणि पाकिटावर पत्ता होता, 'फुंकबाई, दुसरा मजला'. तिनं नाद सोडला.

काम ऐकायला सोपं. दम्याच्या मुलानं पोटभर श्वास घ्यायचा, पुठ्ठ्याच्या नळीला ओठ घट्ट लावायचे आणि जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या सेकंदात छातीतून किती हवा बाहेर पडली ते यंत्र कागदाच्या पट्टीवर छापून देतं. श्वासनळ्या आवळलेल्या असल्या तर आकडा खाली, मोकळ्या असल्या तर वर. फक्त एवढंच, की यंत्रासमोर मोठा माणूस नसून सहा वर्षांचं पोर असतं. ते नळी चावतं, नळीतून बोलतं, नळीत थुंकतं, आणि फुंकायची वेळ आली की आईकडे बघून हसतं.

फुंकबाईचं सगळं कसब तिच्या गळ्यात होतं. ती गुडघ्यावर बसायची, मुलाच्या डोळ्याला डोळा लावायची आणि सुरू व्हायची, "फुंक फुंक फुंक फुंक, अजून, अजून, अजून, सोडायचं नाही, सोडायचं नाही, शाब्बास माझ्या वाघा!" खालच्या मजल्यावरच्या औषधखिडकीतले लोक म्हणायचे, ह्या बाईच्या 'अजून'नं फाटका फुगासुद्धा फुगेल. आसपासच्या इस्पितळांतून 'मूल सहकार्य करत नाही' असा शेरा घेऊन आलेली पोरं तिच्यासमोर भात्यासारखी फुंकत. तिला ह्याचा अभिमान होता. तेवढा असू द्यावा. बाकी अभिमान बाळगण्यासारखं त्या खोलीत एक मोडकं टेबल आणि न फिरणारा पंखा एवढंच होतं.

वैताग घरी होता. तिच्या मुलीलाही दमा होता. मुलगी तिसरीत. तिला रोज सकाळी शाळेत जाण्याआधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं पातळ औषध द्यावं लागे. औषध चांगलं होतं, छाती मोकळी व्हायची. पण अर्ध्या तासानं पोरीचे हात थरथरायला लागत आणि दोन-अडीच तास थरथरत राहत. शाळेत पहिले दोन तास लिखाणाचे. म्हणजे वेळापत्रक करणाऱ्यानं आणि औषध करणाऱ्यानं एकत्र बसून ठरवल्यासारखं सगळं जुळून आलं होतं. वहीत प्रत्येक पानाखाली लाल शाईत शेरा असे, 'अक्षर सुधारा. घरी लक्ष द्यावे.' पाण्याचा पेला उचलला की निम्मं पाणी फ्रॉकवर. वर्गातल्या मुलींनी तिचं नाव 'जेली' ठेवलं होतं. ते तिनं घरी सांगितलं नव्हतं, वहीच्या मागच्या पानावर कुणीतरी लिहिलेलं आईनं वाचलं.

फुंकबाईनं छातीविभागाच्या मोठ्या मॅडमना विचारलं होतं, "डोस कमी केला तर?"

"मलाही आवडेल," मॅडम म्हणाल्या. "किती कमी करू ते सांगा."

"ते तुम्ही सांगायचं ना मॅडम."

"पुस्तकात मोठ्या माणसाचा डोस दिलाय. खाली लिहिलंय, मुलांना वजनानुसार. वजनानुसार म्हणजे किती, ते लिहिणाऱ्यानं ज्याच्या पुस्तकातून घेतलं त्यानंही लिहिलेलं नाही. मी उगाच कमी केला आणि रात्री पोरगी धापा टाकायला लागली, तर तुम्हीच माझा गळा धराल."

ही हकिगत फुंकबाईनं घरी सासऱ्यांना सांगितली. नवरा फिरतीच्या नोकरीवर. घरात तक्रार ऐकून घेणारं मोठं माणूस म्हणजे सासरेच. ते चाळीस वर्षं शिवणकाम करून आता घरी बसले होते, पण मान अजून मशीनवर वाकल्यासारखीच होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मोठ्या माणसाचा सदरा निम्मा कापला म्हणून मुलाचा सदरा होत नाही, सूनबाई. निम्मा सदरा होतो. मुलाचं माप मुलाच्याच अंगावर घ्यावं लागतं."

पुढच्या वर्षी मॅडमनी नेमकं तेच करायचं ठरवलं. चोवीस मुलं, प्रत्येकानं चार वेळा यायचं, आठवड्यातून एकदा. चार बाटल्या, क, ख, ग आणि घ. एकीत मोठा डोस, म्हणजे फुंकबाईच्या मुलीला मिळत होता तेवढा. एकीत मधला, एकीत छोटा. आणि एकीत औषधच नाही, नुसतं तशाच चवीचं कडू-गोड पाणी. कुठल्या अक्षरात काय आहे ते फक्त औषधखिडकीतल्या प्रमुखाला ठाऊक आणि एका मोहोरबंद पाकिटाला. सकाळी मुलानं औषध न घेता यायचं, फुंकायचं, बाटलीतलं प्यायचं, मग अर्ध्या तासानं, तासानं, दोन, चार आणि सहा तासांनी पुन्हा फुंकायचं. कुणाला धाप लागली तर चाचणी तिथेच थांबवून लगेच वाफेचं औषध द्यायचं. शिवाय हाताचा कंप मोजायला एक कागद असे, त्यावर दोन समांतर रेघा. दोहोंच्या मधून मुलानं पेन्सिलीनं रेघ ओढायची, बाहेर किती वेळा गेली ते मोजायचं.

कर्मचाऱ्यांची मुलं चाचणीत चालणार नव्हती. फुंकबाईनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. पण पहिल्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. छोटा डोस पुरतो असं ठरू दे. छोटा पुरला तर मॅडम डोस कमी करतील, पोरीचा हात थांबेल, जेली हे नाव जाईल. चोवीस मुलांच्या छातीवर तिनं आपल्या एका मुलीचा हात टांगून ठेवला होता.

चाचणी सुरू झाली आणि रोजचा छळ सुरू झाला. आयांना छापील कागद दिला होता. त्यावर 'सकाळी औषध देऊ नये, चहा देऊ नये' हे तीनदा अधोरेखित केलेलं. चहानंही श्वासनळ्या थोड्या मोकळ्या होतात, म्हणून ही अट. अधोरेखित केलेली गोष्ट न वाचण्याची माणसाची जुनीच खोड आहे.

"सकाळचं औषध दिलं नाही ना?" फुंकबाई विचारी.

"नाही."

"चहा?"

"छे, चहा कुठला!"

"मग ह्याच्या शर्टावर हा डाग कसला?"

"तो कालचा आहे हो."

"आजचा आहे," पोरगं म्हणे. "आईनं बशीतून दिला. म्हणाली पटकन पी, बाईंना सांगू नकोस."

"अहो, एक घोट!" आई उसळून म्हणे. "उपाशी पोरानं फुंकायचं म्हणजे काय! घोटभर चहानं काय होतंय?"

"एक दिवस वाया जातो. त्याचा आणि माझा. पुढच्या आठवड्यात पुन्हा या."

एका मुलाच्या आजोबांनी 'मध्येच खंड पडू नये' म्हणून सकाळी घरचा डोस देऊन मग आणला आणि वर कौतुकानं बघत राहिले. एका मुलीनं दर फुंकीला "टाळ्या वाजवा, मगच" अशी अट घातली. फुंकबाईनं सगळं सोसलं. टाळ्याही वाजवल्या.

बारा मुलं पुरी झाली तेव्हा आकडेवाले गृहस्थ आले. चाचणीचा हिशोब बघायला मॅडमनी नेमलेले हे गृहस्थ बारीक होते आणि बोलणं त्याहून बारीक. कुठल्या अक्षरात काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मॅडमच्या टेबलावर एक तक्ता पसरला. चार रेषा होत्या.

"ह्या चार बाटल्या," ते म्हणाले. "कुठली कुठली ते मला कळत नाही. पण एक गोष्ट कळते. ह्यातल्या एकीत पाणी आहे. पाण्याची रेष खाली पडून राहायला हवी. इथे कुणीच खाली नाही."

मॅडमनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"म्हणजे एक तर पाणी औषध आहे, किंवा औषध पाणी आहे, किंवा ह्या खोलीत मुलांना औषधाखेरीज आणखी काहीतरी मिळतंय."

फुंकबाई दारात उभी होती. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं.

"मी काय देते?" ती म्हणाली. "माझ्याकडे पुठ्ठ्याच्या नळ्या आहेत."

"तुमच्यावर कुणी बोट ठेवत नाहीये," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य नेहमी बोट ठेवल्यावरच येतं. "पण उरलेली बारा मुलं सुरू करण्याआधी हे कळायला हवं. नाहीतर सगळी चाचणी केराच्या टोपलीत. आणि मग पुन्हा जुनंच, वजनानुसार."

फुंकबाई धुमसत घरी आली. चौदा वर्षं गळा फाडला, आणि आता हा बारीक आवाजाचा माणूस म्हणतो खोलीत आणखी काहीतरी मिळतंय! तिनं चपला अशा काढल्या की एक कपाटाखाली गेली.

घरात सासरे नातीचं माप घेत होते. शाळेचा झगा आखूड झाला होता. पोरगी स्टुलावर उभी, आजोबांच्या गळ्यात टेप.

"नीट उभी राहा गं, अशी कुबड काढून काय उभी राहतेस!" फुंकबाईनं येता येता हाणलं.

पोरीनं लगेच खांदे मागे घेतले, पोट आत ओढलं. सासऱ्यांनी टेप सोडून दिली.

"झालं," ते म्हणाले. "घातलास मोडता."

"मी काय केलं आता? मी फक्त सरळ उभं राहा म्हटलं."

"तेच म्हणायचं नसतं. आता हिचं माप येईल ते तुझ्या धाकाचं येईल. उद्या तू नसशील तेव्हा ही पुन्हा पोट सोडेल आणि बटणं उडतील." ते खुर्चीवर टेकले. "आमच्या दुकानात एक कारागीर होता. माणूस फार गोड. गिऱ्हाईक आवडलं की म्हणायचा, साहेब, छाती पुढे, एकदम रुबाबात! न आवडलं की गप्प माप घ्यायचा. गंमत अशी, की आवडत्या गिऱ्हाइकांचेच कपडे परत यायचे. नावडत्यांचे चपखल बसायचे."

"मग?"

"मग काय. मालकानं त्याला बटणं लावायला बसवलं. कसब होतं बिचाऱ्याकडे, पण माप घेताना माया आड यायची."

फुंकबाई कपाटाखालची चप्पल काढायला वाकली होती, ती तशीच थांबली.

त्या वेळी तिला जे सुचलं ते तिला मुळीच आवडलं नाही. सकाळी ती सगळ्यांच्या आधी इस्पितळात गेली आणि बारा मुलांच्या पट्ट्या टेबलावर मांडून बसली. नियम असा होता, की प्रत्येक वेळी निदान तीन चांगल्या फुंका घ्यायच्या, जास्तीत जास्त आठ, आणि त्यातली उत्तम धरायची. प्रत्येक फुंक यंत्र छापतं, चांगली असो वा वाईट. तिनं पट्ट्यांवरच्या फुंका मोजल्या. शेजारी कंपाचा कागद ठेवला.

ज्या दिवशी मुलाची पेन्सिल रेघांबाहेर नाचली होती, त्या दिवशी तीन फुंका. ज्या दिवशी रेघ सरळ आली होती, त्या दिवशी पाच. सहा. एकाच्या तर आठ.

कुणी सांगितलं नव्हतं, पण हात थरथरतोय म्हणजे बाटलीत भरपूर औषध, हे तिच्या डोळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. अशा मुलाच्या तीन फुंका घेऊन ती त्याला सोडून देई. आणि ज्याचा हात स्थिर, तो छोट्या डोसाचा असणार असं धरून ती त्याला जोर लावी. आणखी एक. ह्या वेळी अजून जोरात. सोडायचं नाही. आठातली उत्तम फुंक तिनातल्या उत्तम फुंकेपेक्षा मोठी निघणारच, ते सांगायला आकडेवाला लागत नाही. छोट्याला जिंकवायला ती ओरडत होती, आणि त्यात एक भयंकर साधी गोष्ट विसरली होती. नुसतं पाणी प्यायलेल्या मुलाचा हातही स्थिरच असतो. तिनं पाण्यालाही तेवढ्याच मायेनं वर चढवलं होतं.

एवढी मेहनत करून तिनं नेमकं तेच सिद्ध केलं होतं, की औषध दिलं काय न दिलं काय, सारखंच.

तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? पुढच्या बाराजणांना सावधपणे घेऊ. पण पहिल्या बाराजणांची घाण त्यात मिसळलेलीच राहणार, आणि त्या गढूळ आकड्यावरून उद्या कुणाच्या तरी पोराला चमचा भरला जाणार. कुणाच्या तरी म्हणजे तिच्याच. ती पट्ट्या घेऊन मॅडमकडे गेली.

मॅडमनी पट्ट्या बघितल्या, कंपाचे कागद बघितले, मग बराच वेळ छताकडे बघितलं.

"फुंकबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "ह्या शहरात मुलांना तुमच्याइतकं चांगलं कुणी फुंकवत नाही."

"हो मॅडम."

"ती शिवी होती."

"कळलं मॅडम."

"बारा मुलं गुणिले चार दिवस. अठ्ठेचाळीस दिवस. पुन्हा." मॅडमनी पट्ट्या एकीवर एक रचल्या. "आणि त्या आयांना फोन तुम्ही करायचे. मी नाही."

त्या बारा फोनांबद्दल फुंकबाई पुढे कधी बोलली नाही. एक आई म्हणाली, "पुन्हा? अहो, आमचं पोर म्हणजे काय सायकलचा पंप आहे?" दुसरीनं फोन नवऱ्याकडे दिला, नवऱ्यानं सासूकडे, आणि सासूनं ठेवून दिला. आणि एक आई नुसती म्हणाली, "चूक कुणाची झाली?"

"माझी," फुंकबाई म्हणाली.

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "बरं. गुरुवारी आणते. आजवर कुणी असं कबूल केलं नव्हतं." तिचं पोर म्हणजे तेच, बशीतून चहा पिणारं.

बारापैकी दहा परत आली. दोन नवीन मिळाली.

ह्या खेपेला मॅडमनी कंपाचा कागद पलीकडच्या खोलीत दुसऱ्या सिस्टरकडे दिला. तरी हात फुंकबाईला दिसणारच. मूल काय हात घरी ठेवून येतं? ह्यावर तोडगा सासऱ्यांनी काढला. त्यांनी जाड निळ्या कापडाची, गळ्यात अडकवायची आणि पोटावर रुळणारी थैली शिवली, दोन्ही बाजूंनी तोंडं असलेली. मुलानं दोन्ही हात आत घालायचे. थैलीला आतून अस्तर, त्यामुळे बोट हललं तरी बाहेरून कळत नसे. चोवीस मुलांनी आळीपाळीनं वापरायला तीन मापांच्या थैल्या, प्रत्येक मापाच्या दोन.

"माप कसं घेतलंत? मुलं तर बघितली नाहीत तुम्ही," सुनेनं विचारलं.

"सैल ठेवलंय," सासरे म्हणाले. "जिथे माप माहीत नाही तिथे सैल ठेवावं. घट्ट करणारे शहाणे असतात."

मुलांना थैल्या फार आवडल्या. एकानं आत गोट्या आणल्या, एकीनं बिस्किटं, आणि बशीतून चहा पिणाऱ्यानं जिवंत मुंगळा. पण हात दिसेनासे झाले, आणि तेवढंच हवं होतं.

आणखी एक नियम झाला. फुंकबाईनं बोलायचं नाही. म्हणजे बोलायचं, पण भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर जेवढं लिहिलं आहे तेवढंच, 'खोल श्वास घे. ओठ घट्ट. फुंक. फुंकत राहा. थांब.' आणि चांगल्या फुंका फक्त तीन. चौथी नाही.

ही चौदा वर्षांतली सगळ्यात कठीण नोकरी होती. ती कागद बघून, बसच्या थांब्यांची नावं पुकारावीत तशा आवाजात, "फुंक, फुंकत राहा" म्हणायची आणि 'अजून' दाताखाली दाबून ठेवायची. संध्याकाळी जबडा दुखायचा. खालच्या औषधखिडकीतल्या लोकांनी चौकशीला माणूस पाठवला, की बाई आजारी आहेत का, वर शांतता आहे.

टाळ्यांची अट घालणारी मुलगी पुन्हा आली होती. आठ वर्षांची, फुंकबाईच्या मुलीएवढीच, केसही तसेच दोन बाजूंना बांधलेले. चौथ्या तासाला तिनं दोन फुंका बऱ्या मारल्या. तिसरीच्या वेळी खिडकीबाहेर एक मांजर भिंतीवरून चालत गेलं. फुंक नियमात बसण्याइतकी चांगली होती, पण जोर तिचा नव्हता.

"आणखी एक मारू?" मुलगी म्हणाली. "मांजर आलं म्हणून झालं. मला येते जोरात."

फुंकबाईला ठाऊक होतं की तिला येते. हीच कदाचित छोट्या बाटलीची असेल. एक फुंक. पाच सेकंदांचं काम. खोलीत दोघींखेरीज कुणी नव्हतं. निळ्या थैलीत दोन हात होते, ते थरथरत होते की स्थिर होते, ते तिला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तीनच."

"टाळ्या तरी वाजवा."

"टाळ्या कागदावर नाहीत गं बाळा."

आणि तिनं लिहिला तो आकडा, मांजरासकट.

पाकीट फोडलं त्या दिवशी मॅडमच्या खोलीत चौघं होती आणि खुर्च्या तीन. फुंकबाई उभी राहिली. आकडेवाल्या गृहस्थांनी नवा तक्ता पसरला. ह्या वेळी एक रेष खाली होती, अगदी जमिनीला टेकून.

"ख," औषधखिडकीचे प्रमुख पाकिटातला कागद वाचत म्हणाले. "पाणी."

"चला," आकडेवाले म्हणाले. "पाणी पाणी झालं." ते किंचित हसले असावेत, खात्रीनं सांगता येत नाही.

मग बाकीच्या तीन. फुंकबाईचं लक्ष एकाच रेषेवर होतं. छोटा डोस दोन तासांपर्यंत मोठ्याच्या खांद्याला खांदा लावून चालला होता. आणि मग चौथ्या तासाला तो खाली आला. नुसता वाकला नव्हता, बसला होता. सहाव्या तासाला पाण्याच्या शेजारी.

"पुरत नाही," मॅडम म्हणाल्या.

फुंकबाईच्या डोळ्यांसमोर मांजर चालत गेलं. पण एका मांजरानं चोवीस मुलांची रेष खाली येत नाही, हे आता तिला कळत होतं. पट्ट्या मोजून मोजून तेवढी अक्कल आली होती.

"पण ही बघा," मॅडमनी पेन्सिल तिसऱ्या रेषेवर टेकवली. "मधली. सहा तास मोठ्याच्या बरोबरीनं. कंप किती?"

आकडेवाल्यांनी कागद उलटला. "मोठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. मोठा डोस जास्तीचं जे काही देतो ते फक्त हातांना."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली, औषधाच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर चिठ्ठी फाडून फुंकबाईपुढे धरली. "घ्या. चाचणी अजून छापायची आहे, हरकती यायच्या आहेत, मोठमोठी माणसं भांडायची आहेत. तोवर तुमच्या मुलीनं थरथरत बसायचं कारण नाही. रात्री धाप लागली तर फोन करा."

तिनं पैज छोट्यावर लावली होती, जिंकली मधली. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली, कारण मॅडमचं अक्षरही सुधारण्यासारखंच होतं.

रात्री धाप लागली नाही. पहिल्या रात्री नाही, चौथ्या रात्री नाही. पाचव्या दिवशी सकाळी, औषध घेऊन तासभर झाल्यावर, पोरीनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ओट्यावरून उचलला आणि आजोबांच्या खुर्चीपर्यंत नेऊन दिला. आजोबांनी तो घेतला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं प्यायले. मग म्हणाले, "एवढं आणतेसच तर सुई ओवून दे. मला भोक दिसत नाही." पोरीनं दोरा ओठात ओला केला, सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्या झटक्यात ओवली. शाळेतही पेला सांडेना, तेव्हा 'जेली' म्हणण्यात मजा उरली नाही, आणि मुलींनी ते नाव पुढच्या बाकावरच्या एका जाडजूड मुलाला दिलं.

महिनाअखेरीस वही घरी आली. फुंकबाईनं ती हात पुसून, खुर्चीवर नीट बसून उघडली. रेघा आता नाचत नव्हत्या. अक्षरं कापत नव्हती. ती ठाम, स्थिर हातानं, पूर्ण विचार करून वाकडी काढलेली होती. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये शब्दांतली अंतरं अशी, की एका शब्दातून दुसऱ्यात जायला गाडी करावी लागावी. खाली लाल शाईत लिहिलेलं, 'अक्षर सुधारा. घरी लक्ष द्यावे.'

"अगं, हे काय!" फुंकबाई ओरडली. "आता तर हात थरथरत नाही ना तुझा?"

"नाही," पोरगी म्हणाली.

"मग अक्षर असं का?"

पोरीनं वही आपल्याकडे वळवून नीट बघितली. "माझं अक्षर असंच आहे," ती म्हणाली.

फुंकबाईनं सासऱ्यांकडे बघितलं. ते काजं करत होते. मान वर केली नाही.

"बस इथे," ती म्हणाली. "हे पान पुन्हा लिही. सरळ बस, पाठ..." आणि मग तोंड मिटलं. खुर्ची ओढून ती पोरीशेजारी बसली आणि गप्प राहून बघायला लागली.

पोरीनं एक ओळ लिहिली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी थोडी बरी होती.

"आणखी एक लिहू?" तिनं विचारलं.

"लिही," फुंकबाई म्हणाली. "इथे आठ चालतात."